पीडित महिलांना मोफत वकील : निधी कोठून येतो, कोठे अडतो

भारतातील कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, न्यायालयीन कामासाठी शासनाच्या खर्चाने वकील मिळण्याचा हक्क आहे. ही तरतूद नवी नाही. संसदेने १९८७ मध्ये संमत केलेला विधी सेवा प्राधिकरण अधिनियम ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. त्याच्या कलम १२ मध्ये विनामूल्य विधी सेवेस पात्र असणाऱ्यांची यादी असून तीत ‘स्त्री किंवा बालक’ असा स्वतंत्र उल्लेख आहे. उत्पन्नाची मर्यादा त्याच यादीतील वेगळ्या कलमात, इतर नागरिकांसाठी आहे. म्हणजे शाळेत शिकवणारी, बँकेत नोकरी करणारी किंवा सधन घरातील सूनही या हक्कापासून वंचित नाही. तरीही सरकारी वकील गरिबांसाठी असतो, या समजुतीपायी असंख्य स्त्रिया जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या दारापर्यंत जातच नाहीत. पगार नवऱ्याच्या, घर सासऱ्यांच्या आणि दागिने सासूच्या ताब्यात असताना ‘सधन’ या शब्दाला काय अर्थ उरतो, याचा विचार कायद्याने केला आहे. समाजाने अद्याप पुरेसा केलेला नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १८ ते ४९ वयोगटातील विवाहित किंवा पूर्वी विवाहित असलेल्या स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. शारीरिक वा लैंगिक हिंसा अनुभवलेल्यांपैकी कोणाचीही मदत मागणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण अवघे १४ टक्के होते, आणि ही मदतही बहुतांशी माहेरच्या माणसांकडे मागितलेली. पोलीस, वकील, न्यायालय हे टप्पे त्यानंतरचे. या टप्प्यांपर्यंत पोहोचलेल्या स्त्रीला वकील देण्याचा खर्च कोण करते, कसा करते आणि तो कोठे अपुरा पडतो, याचा हा आढावा.

पैशाचा मूळ प्रवाह

विधी साहाय्याच्या खर्चाची व्यवस्था १९८७ च्या अधिनियमातच आहे. कलम १४ नुसार केंद्र सरकार राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाला, म्हणजे ‘नालसा’ला, अनुदान देते. ते राष्ट्रीय विधी साहाय्य निधीत जमा होते. तेथून राज्य प्राधिकरणांना वाटप होते आणि राज्य निधीतून जिल्हा निधीकडे रक्कम जाते. राज्य सरकारेही आपल्या अर्थसंकल्पातून भर घालतात. या पैशातून पॅनेलवरील वकिलांचे मानधन, न्यायालय शुल्क, अर्ज व दाव्यांचे मसुदे, कागदपत्रांचा अनुवाद आणि प्रमाणित प्रती यांचा खर्च भागवला जातो. पॅनेलवरील वकिलाने पक्षकाराकडून कोणतीही रक्कम मागू वा घेऊ नये, असा स्पष्ट नियम आहे.

हा निधी मात्र केवळ पीडित स्त्रियांसाठी नाही. अटकेतील आरोपी, अनुसूचित जाती-जमातींचे नागरिक, अपंग, औद्योगिक कामगार, आपत्तीग्रस्त, मानवी व्यापाराचे बळी अशा अनेकांचा त्यावर सारखाच हक्क आहे. लोक अदालती आणि कायदेविषयक जागृतीची शिबिरेही याच यंत्रणेमार्फत होतात. परिणामी हिंसाचारग्रस्त स्त्रीच्या एका प्रकरणासाठी वकिलाच्या वाट्याला येणारे मानधन बाजारातील फीच्या मानाने तुटपुंजे असते, आणि तेही सामान्यतः प्रकरणाच्या वा टप्प्याच्या हिशेबाने मिळते. चार वर्षांत पन्नास तारखा पडल्या, तरी प्रत्येक तारखेला उभे राहण्याचा मोबदला त्या प्रमाणात वाढत नाही.

मुरी एक्सप्रेस प्रकरणाचा निकाल

पीडित स्त्रीला वकील कशासाठी हवा, याचे सर्वांत नेमके उत्तर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर १९९४ मध्ये दिले होते. रांचीहून दिल्लीला येणाऱ्या मुरी एक्सप्रेसमध्ये फेब्रुवारी १९९३ मध्ये घरकामगार स्त्रियांवर लष्करी जवानांनी लैंगिक अत्याचार केल्याचे ते प्रकरण. दिल्लीतील घरकामगार महिलांच्या संघटनेने याचिका केली होती. त्या निकालात न्यायालयाने सांगितले, की लैंगिक अत्याचाराची फिर्याद देणाऱ्या स्त्रीला पोलीस ठाण्यातच वकिलाचे साहाय्य मिळावे. प्रश्न विचारण्यापूर्वी पोलिसांनी तिला या हक्काची जाणीव द्यावी आणि तशी नोंद अहवालात करावी. ज्यांचा स्वतःचा वकील नाही त्यांच्यासाठी अशी कामे करण्यास तयार असलेल्या वकिलांची यादी ठाण्यात ठेवावी.

याच निकालातील एक अपेक्षा मात्र आजही दुर्लक्षित राहिली आहे. पोलीस ठाण्यात जो वकील पीडितेसोबत होता, त्यानेच शक्यतो खटल्याच्या अखेरीपर्यंत तिच्यासोबत राहावे, असे न्यायालयाने म्हटले होते. वकिलाचे काम केवळ युक्तिवादापुरते नाही. तिला प्रक्रिया समजावून सांगणे, साक्षीसाठी तिची मनाची तयारी करणे, वैद्यकीय मदत किंवा समुपदेशन कोठे मिळेल हे दाखवणे, हेही त्यात येते. हे सारे एका व्यक्तीने सातत्याने करायचे म्हटले, तर त्या व्यक्तीच्या वेळेची किंमत कोणीतरी मोजावी लागते. नंतरच्या तीन दशकांत या विषयासाठी अनेक निधी उभे राहिले. एकाच वकिलाचे अखेरपर्यंतचे सातत्य हे त्यांपैकी कोणाचेही मुख्य उद्दिष्ट झाले नाही.

दोन प्रकारची प्रकरणे, दोन प्रकारची गरज

सर्वसामान्य वाचकाला कदाचित वाटेल, की बलात्काराच्या खटल्यात सरकारी वकील असतोच, मग पीडितेला वेगळा वकील कशाला? सरकारी वकील राज्याची बाजू मांडतो. पीडिता त्याच्या दृष्टीने प्रमुख साक्षीदार असते, पक्षकार नव्हे. आधीच्या दंड प्रक्रिया संहितेत २००९ पासून झालेल्या सुधारणेने पीडितेला अभियोगास साहाय्य करण्यासाठी स्वतःचा वकील नेमण्याची मुभा मिळाली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. मात्र या वकिलाने सरकारी वकिलाला साहाय्य करावे, साक्षीदारांची स्वतंत्र उलटतपासणी घेण्याचा हक्क त्याला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले. लखीमपूर खेरी प्रकरणातील जामिनासंबंधीच्या २०२२ च्या निकालाने हे चित्र थोडे बदलले. तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्यावर आपले म्हणणे ऐकले जाण्याचा पीडितांचा हक्क त्यात मान्य झाला. सोळा वर्षांखालील मुलीवरील बलात्काराच्या प्रकरणात जामिनाच्या सुनावणीला फिर्यादीची किंवा तिने अधिकृत केलेल्या व्यक्तीची उपस्थिती कायद्यानेच आवश्यक केली आहे. आरोपीचा जामीन अर्ज कोणत्या दिवशी, कोणत्या दालनात सुनावणीला येणार, हे खेड्यातील आईबापांना कळणार कसे? येथे वकील हवा. बालकांच्या लैंगिक अत्याचारविरोधी २०१२ च्या ‘पॉक्सो’ कायद्यातील कलम ४० नेही, ज्या कुटुंबाला वकील करणे परवडत नाही त्याला तो पुरवण्याची जबाबदारी विधी सेवा प्राधिकरणावर टाकली आहे.

कौटुंबिक हिंसाचाराचे प्रकरण याहून वेगळे असते. २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झालेला २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा मुख्यतः दिवाणी स्वरूपाचे संरक्षण देतो: घरात राहण्याचा आदेश, मारहाण व धमक्यांना मनाई, निर्वाह खर्च, मुलांचा तात्पुरता ताबा, नुकसानभरपाई. येथे तिची बाजू मांडायला सरकारी वकील नसतो. अर्ज तिचा, पुरावे तिचे, तारखाही तिच्या. कलम १२ नुसार पहिली सुनावणी साधारणतः तीन दिवसांत ठेवायची आणि अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करायचा आहे. प्रत्यक्षात समन्स बजावणीतच महिने जातात. नवऱ्याचा वकील मुदतवाढ मागतो, उत्पन्नाचे कागद दडवले जातात आणि अंतरिम निर्वाह खर्चाचा अर्ज पुढच्या तारखेवर ढकलला जातो. मुदतवाढीला हरकत घेण्याची, नवऱ्याच्या मालमत्तेचे शपथपत्र मागण्याची, एकतर्फी अंतरिम आदेशासाठी आग्रह धरण्याची सवय ज्याला आहे, असा वकील नसेल, तर साठ दिवसांची तरतूद पुस्तकातच राहते.

लैंगिक अत्याचाराच्या पीडितेसाठी शासनाची भरपाई योजना आहे. कौटुंबिक हिंसाचारात मात्र निर्वाह खर्च असो वा नुकसानभरपाई, आदेश होतो तो सामान्यतः नवऱ्याविरुद्ध, आणि त्याची वसुलीही पुन्हा न्यायालयातूनच करावी लागते. त्यामुळे चांगल्या वकिलाची गरज या दुसऱ्या स्त्रीला काकणभर अधिकच आहे.

संरक्षण अधिकारी आणि कायद्यामागचा पैसा

२००५ च्या कायद्याने एक महत्त्वाचा दुवा निर्माण केला, तो संरक्षण अधिकाऱ्याचा. स्त्रीची तक्रार नोंदवून घटना अहवाल तयार करणे, तिला विधी साहाय्य मिळवून देणे, निवारागृह व वैद्यकीय तपासणीची व्यवस्था करणे ही त्याची कर्तव्ये. कलम ५ नुसार पोलीस, संरक्षण अधिकारी, सेवा पुरवणारी संस्था आणि दंडाधिकारी या चौघांनीही मोफत विधी सेवेच्या हक्काची माहिती तिला द्यायची आहे.

पण कायदा आला तेव्हा त्याच्या अंमलबजावणीसाठी केंद्राकडून स्वतंत्र, हुकमी निधी आला नाही. अधिकारी नेमण्याचे काम राज्यांवर सोपवले गेले आणि अनेक ठिकाणी आधीच दुसऱ्या कामांत बुडालेल्या अधिकाऱ्यांच्या गळ्यात हा अतिरिक्त कार्यभार पडला. स्वयंसेवी संस्थांना ‘सेवा पुरवणाऱ्या’ म्हणून नोंदणी करता येते. पण नोंदणीने दर्जा मिळतो, अनुदान मिळतेच असे नाही. या स्थितीची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये राज्यांना महिला व बालविकास विभागातील अधिकाऱ्यांमधून जिल्हा व तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी निश्चित करण्यास सांगितले आणि त्यासाठी सहा आठवड्यांची मुदत दिली. प्रत्येक स्त्रीला मोफत विधी साहाय्याचा हक्क आहे, याची व्यापक प्रसिद्धी करण्याचे निर्देशही त्यात आहेत. कायदा अमलात आल्यानंतर जवळजवळ एकोणीस वर्षांनी अधिकारी नेमा असे सांगावे लागावे, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

निर्भया निधी

डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या घटनेनंतर २०१३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात एक हजार कोटी रुपयांच्या निर्भया निधीची घोषणा झाली. आर्थिक वर्ष संपले तरी व्यपगत न होणारा हा निधी आहे. पहिली काही वर्षे त्यातून फारसा खर्चच झाला नाही आणि त्याबद्दल २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नाराजीही व्यक्त केली. त्यानंतर ११२ ही आपत्कालीन सेवा, १८१ ही महिला मदतवाहिनी, मुंबईसह आठ महानगरांतील सुरक्षित शहर प्रकल्प, रेल्वे स्थानकांवरील कॅमेरे, न्यायवैद्यक प्रयोगशाळा, पोलीस ठाण्यांतील महिला कक्ष अशा अनेक कामांना त्यातून पैसा मिळाला.

या यादीकडे पाहिल्यावर एक बाब लक्षात येते. कॅमेरा, वाहन, इमारत, संगणकप्रणाली यांची खरेदी होते, उपयोगिता प्रमाणपत्र देता येते, उद्घाटनही करता येते. वकिलाने दंडाधिकाऱ्यापुढे दुपारी चारपर्यंत ताटकळत घालवलेल्या तासाचे उद्घाटन होत नाही. निधीचा ओढा पहिल्या प्रकारच्या खर्चाकडे राहतो, यात कोणा एकाचा दोष नाही. शासकीय हिशेबाची पद्धतच तशी आहे.

पीडितेच्या दृष्टीने या निधीतील सर्वांत उपयुक्त दोन गोष्टी म्हणजे ‘सखी’ केंद्रे आणि विशेष जलदगती न्यायालये. ‘सखी’ म्हणजे वन स्टॉप सेंटर. १ एप्रिल २०१५ पासून ही योजना सुरू झाली आणि त्याच वर्षी छत्तीसगडमधील रायपूर येथे पहिले केंद्र उघडले. वैद्यकीय मदत, पोलीस मदत, समुपदेशन, विधी साहाय्य आणि कमाल पाच दिवसांचा तात्पुरता निवारा या पाच सेवा एका छताखाली मिळाव्यात, अशी कल्पना आहे. २०२२ पासून ही केंद्रे ‘मिशन शक्ती’च्या ‘संबल’ या भागात समाविष्ट झाली. केंद्रातून मिळणारे विधी साहाय्य मात्र पुन्हा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाशी जोडलेले असते. म्हणजे शेवटी त्याच पॅनेलवर आणि त्याच मानधनावर.

बलात्कार व पॉक्सो प्रकरणांसाठीच्या विशेष जलदगती न्यायालयांची योजना ऑक्टोबर २०१९ मध्ये सुरू झाली. एकूण १,०२३ न्यायालयांचे उद्दिष्ट होते आणि त्यांतील ३८९ केवळ पॉक्सोसाठी. २०२३ मध्ये योजनेला ३१ मार्च २०२६ पर्यंत मुदतवाढ देताना १,९५२.२३ कोटी रुपयांचा खर्च मंजूर झाला. त्यापैकी केंद्राचा १,२०७.२४ कोटींचा वाटा निर्भया निधीतून आला. न्यायालय जलद झाले, की पीडितेच्या वकिलाकडे तयारीसाठी वेळही कमी उरतो. त्या वकिलाची तरतूद मात्र या रकमेत नाही. ती त्याच जुन्या विधी सेवा निधीतून होते.

तुलना अपरिहार्य

आरोपींच्या बाबतीत २०२२ मध्ये एक लक्षणीय बदल झाला. नालसाने ‘लीगल एड डिफेन्स कौन्सेल’ ही पद्धत देशभर विस्तारली. तीत जिल्ह्याच्या ठिकाणी पूर्णवेळ, मासिक मानधनावर वकील नेमले जातात, त्यांना कार्यालय व साहाय्यक मिळतात आणि ते फक्त गरीब आरोपींचा बचाव करतात. ही योजना योग्यच आहे. बचावाशिवाय शिक्षा होऊ नये, हे न्यायाचे मूलतत्त्व आहे. पण त्याच इमारतीत पीडितेचे काम पाहणारा वकील अजून प्रकरणागणिक मानधनावर, आपल्या खासगी कामांतून वेळ काढून येतो. पूर्णवेळ वकिलाची पद्धत चालू शकते आणि तिला निधीही मिळू शकतो, हे या योजनेने दाखवून दिले. पीडितांसाठी तशीच रचना करण्यात तत्त्वतः कोणतीही अडचण दिसत नाही.

अमेरिकेत यासाठी वेगळा मार्ग अवलंबण्यात आला. तेथील १९९४ च्या स्त्रियांवरील हिंसाचारविरोधी कायद्यानंतर न्याय विभागाच्या स्वतंत्र कार्यालयामार्फत पीडितांना विधी साहाय्य देणाऱ्या संस्थांना ठरावीक मुदतीचे अनुदान दिले जाऊ लागले. संस्था त्या पैशातून वकील नेमतात. मुदत संपली आणि अनुदान पुन्हा मिळाले नाही, तर चालू प्रकरणांचे काय, हा प्रश्न तेथेही आहे. तरीही अनुदानाचा उद्देश ‘पीडितेसाठी वकील’ असा थेट लिहिलेला असल्याने त्याचा हिशेब मागता येतो.

महाराष्ट्राचा अनुभव

महाराष्ट्रात या विषयाची सुरुवात पुष्कळ आधी झाली. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांसमवेत महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्या आवारात प्रशिक्षित समाजकार्यकर्ती बसावी, ही त्यामागील कल्पना. पुढे राज्य शासनाच्या महिला व बालविकास विभागाने ती स्वीकारून जिल्ह्यांपर्यंत नेली. हे कक्ष वकील पुरवत नाहीत. पण घाबरलेल्या स्त्रीचे म्हणणे नीट लिहून घेणे आणि तिला योग्य दारापर्यंत नेणे, हे निम्मे काम तेथे होते.

राज्याची ‘मनोधैर्य’ योजना २०१३ ची. बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांतील पीडितांसाठी ती आहे. आरंभी कमाल तीन लाख रुपयांपर्यंत असलेली मदत डिसेंबर २०१७ च्या निर्णयाने दहा लाखांपर्यंत वाढवण्यात आली आणि मंजुरीचे काम विधी सेवा प्राधिकरणांकडे आले. देशपातळीवर नालसाची भरपाई योजना २ ऑक्टोबर २०१८ पासून लागू झाली. तीत बलात्कारासाठी चार ते सात लाख आणि सामूहिक बलात्कारासाठी पाच ते दहा लाख रुपयांची मर्यादा आहे. आरोपी सापडला नाही किंवा खटला उभा राहिला नाही, तरी अर्ज करता येतो. ही रक्कम उपचार व पुनर्वसनासाठी आहे. तिच्यातून वकिलाची फी भागवावी लागू नये, असाच मोफत विधी साहाय्याचा अर्थ आहे.

सासर परराज्यात असेल तर

इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद येथे दिलेल्या मराठी मुलींच्या आईवडिलांना वारंवार पडणारा प्रश्न म्हणजे तक्रार कोठे करायची. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २७ नुसार स्त्री जेथे तात्पुरती राहते, तेथील दंडाधिकाऱ्याकडेही अर्ज करता येतो. सासरच्या छळाबद्दलची फौजदारी तक्रारही, तिने जेथे आश्रय घेतला आहे त्या माहेरच्या गावी करता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. विधी साहाय्य ज्या जिल्ह्यात प्रकरण चालते तेथील प्राधिकरणाकडून मिळते. कन्नड, गुजराती किंवा तेलुगूतील कागदपत्रांचा अनुवाद हाही विधी सेवेचाच भाग आहे, ही गोष्ट अर्ज करताना आवर्जून सांगावी.

अर्ज जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात किंवा तालुका समितीकडे साध्या कागदावर करता येतो. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. नालसाची मदतवाहिनी १५१०० आहे. संरक्षण अधिकाऱ्याचा घटना अहवाल तयार नाही म्हणून दंडाधिकाऱ्याने अर्ज नाकारू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले आहे. तेव्हा अहवालाच्या प्रतीक्षेत थांबण्याचे कारण नाही. नेमलेला वकील तारखांना येत नसेल किंवा पैसे मागत असेल, तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करावी. दिलेल्या विधी साहाय्यावर देखरेख ठेवण्यासाठी प्राधिकरणात संनियंत्रण समिती असते. तक्रारीत प्रकरण क्रमांक आणि वकील गैरहजर राहिलेल्या तारखा नमूद कराव्यात, आणि तिची पोच घ्यावी.